गाडी चावणारे उत्तमराव

आमच्या राजापेठेत कुणाचं इंजिन बिघडलं तर लोक ते उघडून बघत, हलवून बघत, अगदीच वैतागले तर लाथ घालून बघत. उत्तमराव मात्र इंजिन चावून बघायचे. म्हणजे लोखंडाला दात नव्हते लावत. पण हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे आणि पान जमून आल्यासारखा चेहरा करून उभं राहायचं. बाकीचे मिस्त्री पेचकस कानाला लावतात, तुम्ही दातांत का धरता, असं मी एकदा विचारलं.

"कान खोटं बोलते बाबूसाहेब," ते म्हणाले, "दात नाही बोलत."

मी कोर्टात कारकून, म्हणून बाबूसाहेब. उत्तमराव माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. लढाईत फौजेच्या गाड्या चालवून आलेले आणि पुढं लिलावात फौजेचीच एक थकलेली पिकअप गळ्यात घेऊन बसलेले. संत्र्याच्या पेट्या, ढेपेची पोती, लग्नाची वऱ्हाडं, तिच्यातून काहीही जायचं. गाडीला ते 'म्हातारी' म्हणत. या म्हातारीला एक जुनं दुखणं होतं. चालता चालता तिचा एखादा सिलिंडर मध्येच पेट घ्यायला चुकायचा. मिस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात, उत्तमराव 'ठसका' म्हणत. तो लागला तर लागायचा, नाही तर आठवडाभर नाही. आणि उभ्या गाडीत तर कधीच नाही.

तरी उत्तमराव तो उभ्या गाडीत शोधायचे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन कण्हलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर तोच कामचुकार. त्या वेळी बघ्यांपैकी कुणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे. "चूप! तिले बोलू द्या!" असे ओरडायचे. हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की नळावरच्या भांडणातही ते मध्ये पडून हेच म्हणत. मग भांडणाऱ्या दोघी एक होऊन त्यांच्यावरच तुटून पडत.

पेठेत त्यांना मिजासखोर म्हणणारेही होते. समोर उभं राहून बोललं तर माणूस लोण्यासारखा, पण मागून हाक मारली तर वळून बघायचं नाव नाही. फौजेची हवा अजून डोक्यातून गेली नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

एकदा माझी बायको रुसून अकोल्याला माहेरी गेली. काय बिनसलं ते मला कळेना. उत्तमरावांनी निदान केलं. "रुसवा अन् मिसिंग एकच. उभ्यानं सापडत नाही. चालत्या गाडीत बसवा, आपसूक बोलते." आणि खरंच मला घेऊन अकोल्याला निघाले. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत बायको एक अक्षर बोलली नाही. तिथून बडनेऱ्यापर्यंत तिनं मला एक अक्षर बोलू दिलं नाही. निदान अचूक होतं, एवढं मी कबूल करतो.

जाताना आमच्या मध्ये कुसुम बसली होती. कुसुम ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून बापाच्या शेजारची ती जागा तिची. म्हातारीचं सगळं अंगच खुळखुळायचं. त्यात खड्डा कोणता आणि ठसका कोणता, हे ओळखायला कान तयार लागतो. कुसुम माझ्याशी बोलता बोलता मध्येच बापाच्या कोपरावर बोटानं टकटक करी. लगेच उत्तमराव "लागला ठसका!" म्हणत आणि पायाचा जोर कमी करत. मला वाटलं, बापलेकीचा काही खेळ असेल.

पुढं कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा मूर्तिजापूरला रेल्वेत फिटर होता, शांत होता, तिलाही पसंत होता. पण पोरगी अडून बसली. ठसक्याचा निकाल लागल्याशिवाय सासरी जाणार नाही म्हणे! पोरी शालूसाठी रुसतात, ही इंजिनासाठी रुसलेली पाहून सगळी पेठ हसली. उत्तमरावांनी प्लग घासले, पॉइंटला पॉलिशपेपर लावला, पेट्रोल धोतरातून गाळून घेतलं. मग रोज सकाळी बापलेक म्हातारीला घेऊन बडनेऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागले. एका सकाळी उत्तमराव परतले ते पोरासारखे उड्या मारत.

"पास झालो बाबूसाहेब!"

"म्हणजे म्हातारी पास झाली ना?"

त्यांनी नुसतं हसून बॉनेटवर थाप मारली.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. पोरीला मी माझ्याच गाडीतून पोचवीन, असा उत्तमरावांचा हट्ट होता. तो त्यांनी पुरा केला. मूर्तिजापूरला निरोप घेताना कुसुम मला म्हणाली, "काका, आता बाबाले माही गरज नाही. सगळे ठसके आपलेच आपण वळखते." बोलताना ती हसतही होती आणि रडतही होती.

येताना मी तिच्या जागेवर बसलो. गाव मागं पडलं तोच सायलेन्सरमधून फाटफाट आवाज सुरू झाला. ठसका मलासुद्धा कळावा असा होता. उत्तमराव काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते सरळ रस्त्याकडं पाहत होते. "उत्तमराव, ठसका!" मी म्हणालो. काही नाही. मी ओरडलो. तरी काही नाही. उलट थोड्या वेळानं माझ्याकडं वळून त्यांनीच विचारलं, "बरी चालून राहिली ना म्हातारी?"

दाढेखालचा पेचकस, ते 'चूप', ती मिजास, कोपरावरचं बोट, सगळं एकदम समजलं. मी हळूच त्यांच्या कोपरावर टकटक केलं.

त्यांनी गाडी एका निंबाखाली घेतली. इंजिन बंद केलं आणि माझ्या बोटाकडं बघत बसले.

"समजलं तुमाले?"

मी मान हलवली.

"लढाईत तोफेच्या बाजूले गाडी उभी होती. तवापासून कान गेले म्हणा. तोंडाकडं पाहून बोलणं समजते, दातानं उभं इंजिन समजते. पण चालत्या गाडीत पेचकस कसा धरू? चालत्या गाडीचे माहे कान म्हणजे कुसुम. म्हणून थे लग्नाले नाही म्हणे. म्हणे, मी बोट लावणार नाही, तुमचे तुमी ठसके वळखून दाखवा, तवाच जाईन."

"मग तुम्ही पास कसे झालात?" मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

"कॉपी केली." ते हसले. "मांडीवर हात ठेवून बसे बिचारी. पण आदत पडली ना. ठसका लागला की बोट आपसूक उठे. मी रस्त्याकडं कमी अन् बोटाकडं जास्त पाहत होतो."

मग ग्रीसच्या फडक्यानं त्यांनी डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. "तिले सांगसान नको. वापस येईन थे."

राजापेठेपर्यंत मी त्यांच्या कोपरावरचं बोट काढलं नाही.

उन्हाळ्यात कुसुम माहेरी आली. दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "चला बाबा, बडनेऱ्यापर्यंत. पाहू द्या मले." मीही चढलो. या वेळी तिनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. मी दाराशी बसलो आणि माझा हात सहज समोरच्या पत्र्यावर ठेवला. गाव संपलं. म्हातारी खाकरली. माझं बोट उठलं.

"लागला ठसका!" उत्तमराव गरजले.

"भल्ले हुशार झाले बाबा तुमी!" म्हणून कुसुम खळखळून हसली, आणि मग निवांत होऊन सासरच्या गोष्टी सांगू लागली. सासूच्या, नवऱ्याच्या, अंगणात लावलेल्या लिंबाच्या. त्यातलं अक्षरही उत्तमरावांना ऐकू येत नव्हतं. ते मधून मधून तिच्या तोंडाकडं बघत आणि मान डोलवत. मी पुढं वाकून काही बोलायला गेलो, तर त्यांनी मला हातानंच थोपवलं.

"चूप बाबूसाहेब! तिले बोलू द्या."