जावईबापूंचं डॉट टीव्ही

जमिनीत पैसा घातला की माणूस झोपल्या झोपल्या श्रीमंत होतो, हे नाशकातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण जमीनच नसलेल्या जागेत पैसा घालून श्रीमंत होणारा पहिला नाशिककर आपणच, याबद्दल जीवनरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

जीवनराव सिडकोतल्या एका शाळेत कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाखल्यांवर शिक्के मारले. स्वतःच्या नावावर स्कूटरखेरीज काही नाही. सासरे गोटीराम मखमलाबादला झेंडू पिकवायचे. अकरा वर्षांत त्यांनी या जावयाला कधी दुखावलं नाही, पण कधी डोक्यावरही घेतलं नाही. "आमचे जावई शाळंत असतात," एवढंच ते लोकांना सांगायचे. शाळेत मुलंही असतात, घंटाही असते! जीवनरावांना ते लागायचं. एकदा, फक्त एकदा, सासऱ्यांनी आपल्याकडे आ वासून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ती पुरी झाली एका दसऱ्याला. त्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली आणि शाळेची एक सुट्टी बुडाली, म्हणून जीवनराव आधी जरा हळहळले. मग मुहूर्त साधून संगणकासमोर बसले आणि सासऱ्यांच्या साक्षीने त्यांनी एक नाव विकत घेतलं: गोदादर्शन डॉट टीव्ही.

"नाव इकत घेतलं?" गोटीराम म्हणाले. "नाव तर बारशाला फुकट ठेवत्यात."

"मामा, ही इंटरनेटवरची जागा आहे. डॉट कॉम म्हणजे आपला मेन रोड. तिथं आता पानटपरीलाही जागा नाही. डॉट टीव्ही म्हणजे नवी कॉलनी, व्हिडिओवाल्यांची! सिंहस्थ आला की साऱ्या जगाला गोदावरी घरबसल्या बघायची असणार. मग हे नाव सोन्याच्या भावाने जाणार!"

"सातबारा कुणाच्या नावावर?"

"माझ्या! साऱ्या जगात हे नाव दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. अमेरिकेलासुद्धा!"

गोटीरामांनी टोपी काढून हातात घेतली. जीवनरावांनी लोखंड गरम असतानाच घाव घातला. "आणि ही टीव्ही अक्षरं कुणाची माहितीये? समुद्रात तुवालू म्हणून एक देश आहे. आपल्या नामपूर गावाएवढी माणसं! त्यांच्या देशाच्या नावातली ही दोन अक्षरं. ती भाड्याने देऊन तो देश पैसा कमावतो!"

"दोन अक्षरांवर देश जगतो?"

"दोन!"

"आगं साधना, ऐकलंस का?" गोटीराम लेकीकडे वळले. "मी चाळीस वर्सं चिखल तुडवतोय आन् तिकडं लोक बाराखडी भाड्यानं देत्यात!"

सांगता सांगता जीवनराव स्वतःही थक्क झाले होते. एक नाव, हातात धरता येत नाही, कुंपण घालता येत नाही, आणि तरी अख्ख्या पृथ्वीवर फक्त आपलं! त्यांची छाती भरून आली. पैसे एका वर्षाचे भरले होते. पुढच्या दसऱ्याला पुन्हा भरायचे, ही खूणगाठ त्यांनी मनाशी पक्की बांधली.

त्या दिवसापासून ते सासरी "शाळंतले" राहिले नाहीत, जावईबापू झाले! धाकटी मेहुणी मनीषा लग्नाची होती. तिच्यासाठी स्थळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला गोटीराम बजावू लागले, "पोरगा आमच्या थोरल्यावानी पायजे. आभाळात जागा घेणारा! आन् हुंडा मागणारा असंल तर उंबऱ्यावरनंच माघारी." हुंड्याचं नाव काढणाऱ्या दोन स्थळांना त्यांनी चहा न देता वाटेला लावलं होतं.

मे महिन्यात अधिक मास आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची दिवाळी! मखमलाबादला पाटाभोवती रांगोळी, पुरण भरलेले धोंडे आणि ताटात तेहतीस जाळीदार अनारसे. शेजारचे चार शेतकरी फक्त जावई बघायला आले होते. सासूबाई ठमाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्याच.

"जावईबापू, वाण काय देऊ? आंगठी?" गोटीरामांनी विचारलं.

"अंगठी नको, मामा. दसऱ्याला त्या नावाचे पुढचे पैसे भरायचेत, ते तुमच्या हातून भरू."

मागणी ऐकून शेजारीही गहिवरले. गोटीराम म्हणाले, "भरू की! पर औंदा धोंडा आला ना, दसरा लांबला. म्या तर झेंडू बी उशिरा लावणार हाय."

जीवनरावांच्या तोंडात सातवा अनारसा होता. ते हसले. "मामा, इंटरनेटला ऊनपाऊस काही लागत नाही!"

सगळे हसले. गोटीराम सर्वांत जास्त हसले. एवढ्या मोठ्या माणसाचा विनोद होता ना तो!

सप्टेंबरात खरोखरच गिऱ्हाईक आलं! मालेगावचा दिनेश, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्याला सिंहस्थ थेट दाखवायचा होता आणि त्यासाठी हेच नाव हवं होतं. त्याने सव्वा लाख कबूल केले. व्यवहार दसऱ्याच्या दिवशी, मखमलाबादला, सासऱ्यांसमोर! जीवनरावांनी तशी अटच घातली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच सुमारास शाळेत पोलिसांनी फोनवरच्या फसवणुकीवर व्याख्यान दिलं आणि ते सगळ्यांत जास्त मन लावून ऐकलं ते कारकुनाने. घरी येताच त्यांनी फ्रिजवर कागद चिकटवला: "मुदत संपली म्हणणारा चोर असतो."

आणि दुसऱ्याच दिवशी चोर आला! मेलवर! "गोदादर्शन डॉट टीव्हीची मुदत संपत आहे. त्वरित पैसे भरा."

"साधना, बघ! केवढी ही हुशारी! माझं नाव, माझ्या नावाचं नाव, सगळं ठाऊक आहे यांना!"

"अहो, खरं असेल तर?"

"खरं कसं असेल? दसऱ्याला घेतलंय, दसऱ्याला संपणार. दसरा महिनाभर लांब आहे!"

एकामागून एक सात मेल आले. जीवनरावांनी सातही पुसले. प्रत्येक मेल अधिकाधिक कळवळून लिहिलेला बघून त्यांना चोरांच्या चिकाटीचं कौतुक वाटू लागलं. मग फोन आला. एक मुलगी हिंदीत म्हणाली, "सर, दो अक्टूबर आखिरी तारीख है."

"बेटी," जीवनराव शाळेतल्या हिंदीत गरजले, "दसरा बीस तारीख को है! चोरी करने का तो पंचांग देखके करने का!"

"सर, दसरे का क्या संबंध?"

"देखो, उसको संबंध ही नहीं मालूम! तुम्हारे घर में मां-बाप है ना? उनको क्या लगेगा?"

पंधरा मिनिटं त्यांनी तिला सन्मार्गावर आणण्याचा प्रयत्न केला. मुलगी शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "सर, उसके बाद भी पंद्रह दिन रुकेंगे, प्लीज भर दीजिए." केवढं नाटक! जीवनरावांनी तो नंबर बंद करून टाकला आणि शाळेत सगळ्यांना किस्सा ऐकवला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

दसरा उजाडला. मखमलाबादला अंगणात झेंडूचा डोंगर. उशिरा लावलेलं पीक नेमकं वेळेवर फुललं होतं आणि पहाटेच अर्धं बाजारात विकून झालं होतं. कबूल केलेल्या वाणाचे पैसे त्यातूनच गोटीरामांनी रुमालात बांधून आणले. दिनेशच्या लॅपटॉपला हार घातला. शेजारचे चार शेतकरी होतेच. मनीषाने हळदकुंकू वाहिलं. जीवनरावांनी शर्टाच्या बाह्या सरळ केल्या.

दिनेशने बटणं दाबली. पुन्हा दाबली. "भाऊ, हे नाव तुमचं दिसत नाही."

"नीट बघा. स्पेलिंग चुकलं असेल."

"स्पेलिंग बरोबर आहे. दोन ऑक्टोबरला मुदत संपली. पंधरा दिवस तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. मग सुटलं आणि परवा दुसऱ्याने घेतलं."

जीवनरावांच्या कानात ती रडवेली "प्लीज" वाजू लागली.

"पण मी तर दसऱ्याला..."

"गेला दसरा दोन तारखेला होता, दाजी," मनीषा हळूच म्हणाली. "तुमची सुट्टी बुडाली होती की!"

गोटीरामांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "मंग म्या धोंड्याला काय बोललो? आधिक महिना आला, दसरा सरकला. झेंडूला कळालं ते! त्या टीव्हीला नाय कळत व्हय?"

"नाही मामा. ते तारखेवर चालतं."

ज्या महिन्याने जीवनरावांना तेहतीस अनारसे खाऊ घातले होते, त्याच महिन्याने त्यांचा घात केला होता! त्यांना खाली बघवेना, वर बघवेना. अकरा वर्षांनी मिळालेलं जावईबापूपण सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"आता त्यो नवा मालक काय म्हणतो?" गोटीरामांनी विचारलं.

दिनेशने वाचलं. "नाव विकायला काढलंय. चार लाख!"

"चार लाख! परवा घेतलं आन् आज चार लाख?" गोटीरामांचा आ वासला. तोच आ! पण आता तो लॅपटॉपकडे वासलेला होता. "कोण हाय हो त्यो?"

"नाव लपवलंय. पण माणूस महाराष्ट्रातलाच दिसतोय."

गोटीराम पुढे सरकले. मग अगदी आदराने म्हणाले, "लगीन झालंय का त्याचं?"

"आबा!" साधना आणि मनीषा एकदमच ओरडल्या.

"आगं, असा जागता माणूस दिवा लावून हुडकला तरी मिळत नाय! जावईबापू, लिव्हा त्याला."

थोरला जावई म्हणून स्थळाची चौकशी रीतीप्रमाणे जीवनरावांकडेच आली. ज्याने आपल्याला लुटलं त्यालाच त्यांनी विक्रीच्या पानावर लिहिलं: "आदरणीय महोदय, आपण विवाहित आहात काय? आमच्याकडे सुस्वरूप, पदवीधर कन्या आहे." खाली 'किती देणार?' अशी रकमेची चौकट होती, ती भरल्याशिवाय पत्र पुढे जाईना. काहीतरी शुभ आकडा असावा म्हणून त्यांनी एकशे एक लिहिलं.

मिनिटभरात उत्तर आलं! सगळे लॅपटॉपवर वाकले. दिनेशने अर्थ सांगितला: "तुमची रक्कम फारच कमी आहे. वाढवलीत तर विचार करू."

हे उत्तर यंत्राने आपोआप पाठवलेलं होतं. दिनेश ते सांगणार, तोच साधनाने त्याच्या हातात चहाची बशी दिली आणि डोळ्यांनी गप्प केलं.

गोटीराम ताडकन उठले. चेहरा लालबुंद. "हुंडा! पोरगी बघायच्या आधी हुंडा! बंद करा त्यो डबा!" त्यांनी लॅपटॉपवरचा हार ओढून काढला, क्षणभर हातात तोलला आणि सगळ्यांसमोर जीवनरावांच्या गळ्यात घातला.

"आपले जावईबापूच बरे," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "तारीख कळत नाय, पर अनारशांवर भागतं."