फेल्डर साहेबांची छडी

महिपत शिमग्याला दाभोळला आला, तो ट्रंकेत एक काळा कोट घेऊन. फेल्डर साहेबांनी तो जुना झाला म्हणून बक्षीस दिला होता. फेल्डर साहेब म्हणजे व्हिएन्नाचे नामांकित संगीत-संचालक. साठ वादकांपुढे उभं राहून त्यांनी नुसती छडी हलवली, की साठही जण एका दमात वाजवू लागत. लंडन, कैरो करत साहेब आपल्या वादकांसह त्या हिवाळ्यात मुंबईला आले होते, आणि हॉटेलात त्यांची सरबराई महिपतकडे होती.

होळी होऊन दोन दिवस होतात न होतात तोच पोस्टमन तार घेऊन आला. तारेत होतं: 'छडी कोटाच्या खिशात राहिली. शनिवारी कार्यक्रम. छडी घेऊन ताबडतोब या, नाहीतर येऊच नका. हॉटेल मॅनेजर.'

वीस वर्षांत त्या छडीवाचून साहेबांनी स्टेजवर पाऊल टाकलं नव्हतं. आगबोटीत ते ती उशाशी घेऊन निजत. महिपतने कोटाचे सगळे खिसे उलटे केले.

"काशे, हितं एक पांढरी काडी होती गो! मागं बूच लावलेली!"

"ती नाडी ओवायची व्हय?" त्याची बायको परसातून म्हणाली. "लय ब्येस हाय वो! पोरांच्या सगळ्या चड्ड्या झाल्या तिनं."

"हाय कुठं?"

"गंगूकाकीनं मागून नेली."

गंगूकाकी शेजारीच राहायची. महिपत धापा टाकत पोचला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती.

"काकी, काडी!"

"नाडी ओवून झाली. म्हटलं, टोक चांगलं हाय, बांगडा तरी भाजून घेवया." तिने निखाऱ्यावरून काडी उचलून दाखवली. बांगडा झकास भाजला होता. छडी अर्धी उरली होती.

महिपत मटकन खाली बसला. "नोकरी गेली, काकी."

"बांगड्यापायी?" काकीला खरंच वाईट वाटलं. "मग निदान खाऊन तरी जा."

मागोमाग आलेल्या काशीने मात्र ते अर्धुकं हातात घेऊन निरखलं. "अवो, ह्याच्यात काय हाय? आपल्या माडाला हीर कमी हायत काय?"

तिने विहिरीकडच्या माडाची पडलेली झावळ ओढून आणली. पातीच्या मधला जाडसर हीर काढला, कोयत्याने तासला, चुन्याचे दोन हात दिले आणि मागे साहेबांचंच बूच बसवलं. दुसऱ्या दिवशी महिपत ती छडी घेऊन बोटीत चढला.

शनिवारी मॅनेजरने छडी पेटीत घालून पेटी परस्पर साहेबांकडे पोचवली. साहेबांनी ती उघडली थेट स्टेजवर. पडद्याआड महिपत चंडिकादेवीला नारळ बोलत होता. साहेबांनी छडी उचलली, थबकले, बूच नाकाशी नेलं आणि कपाळाला आठ्या घालून छडी हवेत मारली.

सप्प!

साठही वादक ताठ बसले. मागच्या रांगेत पेंगणारा ढोलवाला तर दचकून उभाच राहिला. जुन्या छडीला असा आवाज कधी नव्हता. शाळेतल्या मास्तरांची आठवण प्रत्येकाला झाली असावी, कारण त्या दिवशी एकही सूर चुकला नाही. टाळ्या संपता संपेनात.

कार्यक्रमानंतर साहेबांनी महिपतला बोलावलं. त्याने मान खाली घालून नाडीपासून निखाऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेबांनी छडी हातात फिरवून पाहिली.

"वीस वर्षं," ते म्हणाले, "मी त्या काडीचा गुलाम होतो. तुझ्या बायकोनं मला सोडवलं."

महिपतच्या जिवात जीव आला. पण सकाळी चहा घेऊन गेला तर साहेब निजलेले, आणि उशाशी काशीचा हीर.

हीर वाळला की मोडतो. पावसाळ्यात व्हिएन्नाहून मॅनेजरमार्फत पत्र आलं: दुसरी छडी पाठवावी. त्याच माडाची, त्याच बाईच्या हातची. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे.

गणपतीला घरी आलेल्या महिपतने पत्र वाचून दाखवलं. काशीने मान वर करून माडाकडे पाहिलं.

"झावळ अजून पिकली न्हाय. हिरव्या झावळीचा हीर वाकतो. लिवा त्याला, जरा थांब म्हणावं."

महिपतने घाबरत घाबरत तारेने तसंच कळवलं. आठवड्याभरात पोस्टमन धावत आला. व्हिएन्नाहून तार होती:

'कार्यक्रम पुढे ढकलला आहे. माडाला घाई करू नये.'