पोटाची छोटी शस्त्रक्रिया

"शुक्रवारी पोट देऊन येते, मंगळवारी खिडकीवर हजर!" पोस्टातल्या बाईंनी आरशाला ठणकावून सांगितलं.

डॉक्टरांनी तसं सगळं समजावलं होतं. चरबी ओढून काढतात, वजन फारसं उतरत नाही, उलट आधी सूज येते, सहा आठवडे अंगाला चिकटून बसणारा घट्ट कपडा घालायचा, खरा आकार दिसायला तीन-चार महिने. बाईंनी त्यातलं नेमकं 'चार' एवढंच ऐकलं!

ऑफिसात मात्र लाज वाटली. रजेच्या अर्जात लिहिलं, 'पोटाची छोटी शस्त्रक्रिया'. साहेबांनी विचारलं, "गाठबिठ नाही ना?" बाई गप्प बसल्या. झालं! डबा खायच्या सुट्टीत गाठ लिंबाएवढी होती, संध्याकाळी नारळाएवढी! कुणीतरी ती बाईंच्या थोरल्या बहिणीपर्यंतही पोचवली.

ताई सहा वर्षं बोलत नव्हती. आई पोटातल्या गाठीनेच गेली होती. ताईने वर्षभर एकटीने तिचं सगळं केलं, आणि बाई "रजा मिळत नाही" म्हणत शेवटच्या दिवशी उगवल्या होत्या.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. बाई भिंत धरत दारापाशी गेल्या. पोट पहिल्यापेक्षा मोठं, वांग्यासारखं काळंनिळं, इवल्याशा छेदांतून गुलाबी पाणी झिरपतंय. दारात ताई, हातात बॅग.

"मला कळवायचंसुद्धा नाही? मेले होते का मी?" म्हणत तिने मिठीच मारली.

"आई गं!" बाई किंचाळल्या.

ताईला वाटलं, धाकटीला आईची आठवण आली. तीही रडायला लागली!

सांगायची ती वेळ होती. पण ताईने उशी सारखी केली, केस विंचरले, पाण्याने ओले झालेले कापसाचे थर नाक न मुरडता बदलले. "आईचंही असंच करायचे गं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत बाईंना असं कुणी हात लावला नव्हता. 'उद्या सांगू' म्हणत त्यांनी तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी फोन वाजला. ताईनेच उचलला. दवाखान्यातली नर्स खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, चरबी काढायच्या आधीचे फोटो छान आलेत! नंतरचे काढायला कधी येताय? आणि मांड्यांचं काय ठरलं?"

ताईने फोन खाली ठेवला.

"गाठ नव्हती?"

"नव्हती."

"मी चार दिवस बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते."

"ताई, सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

ताईने चादर बदलली, गोळ्या उशाशी ठेवल्या आणि बॅग उचलून निघाली.

बाई मागे धावल्या. म्हणजे, धावायला गेल्या! चपला घालायला वाकता येईना, तेव्हा अनवाणीच कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. "ताई, थांब ना!"

खालून ताईने वर पाहिलं. डोळे लाल. "वर जा आधी! टाके उसवतील!" ती ओरडली आणि फाटकाबाहेर पडली.

उतरलेल्या बारा पायऱ्या परत चढायला बाईंना वीस मिनिटं लागली. आणि त्या मेल्या घट्ट कपड्यात धड हुंदकाही देता येत नव्हता!