गार लादी, भरलेले साठे

साहेबांनी सोमवारीच बजावलं होतं, "अजून एक सौदा चुकला, तर दुसरी नोकरी बघा." तेव्हापासून गॅसचा सौदेवाला रात्रंदिवस भावाचे आकडे चाळत होता. तसं त्याचं काम सांगायला सोपं. थंडी पडली की घरोघरी गॅसचे हीटर लागतात, साठे उपसले जातात आणि भाव चढतो. नाही पडली, तर साठे तुडुंब राहतात आणि भाव आपटतो. थंडी पडणार की नाही एवढंच ओळखायचं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या संध्याकाळी जेवताना तो नुसतं पुटपुटला, की यंदा गॅस महागणार बहुतेक.

मंगळवारी सकाळी त्याने पलंगावरून पाय खाली टेकवला आणि कळ थेट मस्तकात गेली. उन्हाचं तोंड न बघणाऱ्या त्यांच्या घराची लादी गारठली होती. बायको दोन स्वेटर घालून चहा गाळत होती. बुधवारी तर नळाला हात लाववेना. हवामान खातं मात्र हवा उबदार राहील असंच म्हणत होतं. पण घरातून लिफ्टने तळघरात, तिथून गाडीने ऑफिसच्या तळघरात, असा ज्याचा रोजचा प्रवास, त्याला बाहेरची हवा लागणार कधी? त्याने आपल्या तळपायांवर भरवसा ठेवला आणि मिळेल तेवढा गॅस घेऊन टाकला.

गुरुवारी साठ्याचा आठवड्याचा आकडा आला. साठे अंदाजापेक्षाही जास्त भरलेले होते. भाव धाडकन खाली आला. साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे तो जास्तच घाबरला. पुढच्या गुरुवारचा आकडा बघून ठरवू, एवढंच ते म्हणाले. तो पहिल्यांदाच ऑफिसच्या पुढच्या दाराने रस्त्यावर आला. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते.

घरी वडील, निवृत्त मुख्याध्यापक, कानटोपी घालून प्रसन्न बसले होते.

"बाबा, हीटर कधीपासून बंद आहे?"

"तू महागणार म्हणालास ना, तेव्हापासून. खाली फळ्यावर सूचनाही लावली. माझे जुने विद्यार्थी गावभर आहेत, त्यांनाही कळवलं. सगळ्यांनी बंद केलेत. एवढी वर्षं झाली, पण शब्द मोडत नाहीत पोरं."

त्या गारठलेल्या खोलीत सौदेवाल्याला दरदरून घाम फुटला.

"बाबा, माझं चुकलं. गॅस स्वस्त होणार आहे, खूप स्वस्त. आत्ताच कळवा सगळ्यांना."

बाबांनी लगेच फोन उचलला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"हां, ऐक," बाबा सांगत होते, "गॅस स्वस्त होणारे. तेव्हा आता तर अजिबात हीटर लावू नका. स्वस्त झाला की मग लावू."