आवाज काढून दाखवा

जंगलाच्या वाटेला लागताना दौलतकाका पाहुण्यांना पहिली ताकीद देतात ती अशी: "आता कोनी बोलाचं नाही! पान पडलं तरी ऐकू आलं पाह्यजे!" ही ताकीद ते इतक्या मोठ्यानं देतात की नाल्यातले बेडूक गप्प होतात आणि गावातली कुत्री भुंकायला लागतात.

काकांना कमी ऐकू येतं. बहिरेपणा त्यांच्या घराण्यातच आहे. वडिलांना होता, थोरल्या भावाला होता, साठी ओलांडल्यावर यांनाही आला. पण रात्री पाहुण्यांना जंगल ऐकवायला नेणारा माणूस बहिरा असावा, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ते माझे शेजारी. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत फिटर होते, निवृत्त झाल्यावर इथे घर बांधलं. बांधलं खरं, पण त्या घरात त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. "बसलं का गंजलं, मॅडमबाई!" मी शाळेत शिकवते म्हणून मॅडम आणि शेजारीण म्हणून बाई, असा तो दुहेरी मान. सकाळचा चहा ते कप हातात घेऊन गल्लीभर फिरत पितात. जाताना आपला कप नेतात आणि येताना दुसऱ्याच कुणाचा तरी घेऊन येतात. लग्नाच्या पंगतीत उभ्यानं जेवतात. विहारात वंदनेला बसले की तिसऱ्या ओळीला उठून पंखा कमी-जास्त करतात, मग चपला सरळ लावतात, मग बाहेर जाऊन पाण्याची टाकी भरली का ते बघतात. एकदा दाताच्या डॉक्टरनं खुर्चीत बसवलं तर हे तोंड उघडं ठेवून उठले आणि त्याच्या खुर्चीचा करकरणारा स्क्रू आवळून पुन्हा बसले.

सुमनकाकू असेपर्यंत हा भोवरा थोडा तरी आटोक्यात होता. त्या हाक मारायच्या, "अजी, या ना आता!" आणि काका वळायचे. काकू गेल्या, आणि मग तो थांबेचना. आठवड्यातून दोनदा रामपायलीला जाऊन यायचा. का, तर "असंच. बस चाललती."

असंच फिरता फिरता लामत्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात त्यांची लिल्हारेंशी गाठ पडली. लिल्हारेंनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. दिवसभर जीपमध्ये धक्के खाऊन वाघ न दिसलेले पाहुणे संध्याकाळी तिथे तोंड पाडून बसायचे. काकांना कुणी बसलेलं बघवत नाही. "चाला, उठा! वाघ नाही त नाही, बाकीचे काय मेले का?" असं म्हणत ते त्यांना जेवणाआधी गावाच्या शिवेवरून नाल्यापर्यंत फिरवून आणायला लागले. तेच पुढे ठरून गेलं; दर शनिवारी लिल्हारेंची जीप त्यांना न्यायला येई.

काकांची नागपूरची मुलगी प्रतिभा मला फोनवर म्हणाली, "ताई, बाबा अंधारात काय करून राह्यले, एकदा पाहून या ना." म्हणून एका शनिवारी मी लिल्हारेंच्या जीपमधून गेले, आणि मग जातच राहिले.

कारण तो प्रकारच तसा होता. काका हातात बॅटरी घेऊन भराभरा पुढे चालत. कोळ्याचे डोळे गवतात हिऱ्यासारखे चमकत, ते दाखवत. जांभळ्या उजेडाची वेगळी बॅटरी लावून दगडाखालचा विंचू हिरवागार चमकताना दाखवत आणि म्हणत, "पाहा, कसा नवरदेवावानी सजला!" मग एकदम थांबत. एखाद्याकडे बोट करत. "तुमाले काय ऐकू येऊन राह्यलं?"

"काहीतरी... टकटक होतंय," पाहुणा कुजबुजे.

"मोठ्यानं! आवाज काढून दाखवा!"

आणि जबलपूरहून आलेले, पोट सुटलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ अंधारात, बायकोदेखत, "चक्को! चक्को! चक्को!" असं ओरडत.

"रातवा पक्षी!" काका खूश होऊन म्हणत. "शाबास! पुढच्या बाई, तुमी?"

पुढच्या बाई पिंगळा होत. त्यांचा जावई बेडूक होई. घटकाभरात आम्ही सगळे मिळून असा काही गलका करत असू की खरे प्राणी आमचंच ऐकत थांबले असतील. लोक म्हणत, काय सुंदर शिकवण्याची पद्धत आहे! काका मान डोलावत. पद्धत वगैरे काही नव्हती. त्यांना ऐकूच येत नव्हतं. पण आवाज कुणी तोंडासमोर काढून दाखवला की ओठांवरून, गळ्याच्या हालचालीवरून आणि जे थोडं कानात शिरे त्यावरून ते बरोबर ओळखत. निदान बरेचदा. एकदा लिल्हारेंच्या पाण्याच्या मोटरला त्यांनी घुबड ठरवलं होतं.

मग दिवाळीनंतरचा तो शनिवार आला. पाहुण्यांत नागपूरची एक तरुण नवविवाहित जोडी होती. नाल्याच्या अलीकडे, बांबूच्या बेटापाशी ती मुलगी थबकली. काका दोन पावलं पुढे.

"काका, कोणीतरी... नळीनं शेवटचा घोट ओढावा ना, तसं येतंय."

"कसं? आवाज काढा!"

तिनं हळूच काढला.

"मोठ्यानं, पोरी! लाजू नको!"

तिनं बिचारीनं सगळा श्वास एकवटून "सुर्रर्रर्र!" असा काही आवाज काढला की बांबूच्या बेटातला खरा आवाज बंद पडला. मग तिथलं वारूळ हललं. वारूळ नव्हतं ते. वाळवी खाताना दचकलेलं अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं होतं.

काकांना ते मुलीच्या चेहऱ्यावर दिसलं. ते गर्रकन वळले आणि दोन्ही हात पसरून आमच्या आणि अस्वलाच्या मध्ये उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "पळू नका. पाठ दाखवू नका. मागं सरका... मागं... मॅडमबाई, पोरीचा हात धरा."

आम्ही मागे सरकत राहिलो. काका सगळ्यांत शेवटी, तोंड अस्वलाकडे. अस्वलानं एक जोराचा फुत्कार टाकला आणि बांबू मोडत नाल्यात उतरून गेलं.

कुणाला ओरखडाही आला नाही. पण गावात परतल्यावर काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून पाहिलं, जणू माणसं पुरती आहेत का ते तपासत होते.

लिल्हारेंनी चहा दिला आणि हात जोडले. "काका, बुरा मत मानना. अब बिना मशीन के नहीं ले जाने दूँगा."

काकांनी ऐकलं. या वेळी नीट ऐकलं.

दुसऱ्याच आठवड्यात प्रतिभा कानाचं मशीन घेऊन आली. काकांनी ते घालून पाहिलं, मिनिटभरात काढलं आणि डबीत बंद केलं. "नाही पाह्यजे."

"काहून नाही, बाबा? दुखते का?"

"नाही."

"मंग?"

"नाही म्हटलं ना!"

बापलेकीचं भांडण भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. शेवटी प्रतिभा रडून म्हणाली, "मंग नागपूरले चाला माझ्याजवळ. इथं एकटे नका राहू." काका घराबाहेर पडले ते संध्याकाळीच परतले. ती दुसऱ्या दिवशी निघून गेली. डबी तशीच राहिली.

मग दोन-तीन आठवडे काका जंगलात गेले नाहीत, आणि ते बघणं फार अवघड होतं. गच्चीवर फेऱ्या. अंगणात फेऱ्या. सगळ्या गल्लीच्या सायकलींना तेल घालून झालं. न बिघडलेले नळ खोलून झाले. रात्री माझी झोप मोडली तर शेजारी चपला वाजत असायच्या.

एकदा ते माझ्या दारात आले आणि कशाचा संदर्भ नसताना म्हणाले, "त्या पोरीचं नवं लगीन झालतं, मॅडमबाई. मी तिले अस्वलासमोर उभी केलती." मी काही बोलायच्या आत निघूनही गेले.

पुढच्या शनिवारी जीप आली तेव्हा काका आधीच तिच्यात उभे होते. कानात मशीन.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना रातवा, पिंगळा, किडे सगळं ऐकवलं. कुणालाही आवाज काढायला लावला नाही. अधूनमधून हात वर करून सगळ्यांना थांबवत, बांबूच्या बाजूला कान देत, मग पुढे नेत. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण माणसं सुखरूप परतली.

बालाघाटला पोचल्यावर काकांनी दारापाशी उभं राहून मशीन काढलं, फुंकर मारली, डबीत ठेवलं. घराचं कुलूप अजून उघडलं नव्हतं.

मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन विचारलं, "आता काहून काढलं? घरात राहू द्या ना. प्रतिभाचा फोन येईल."

"फोनले लावीन." ते किल्ली शोधत राहिले. मग म्हणाले, "याच्यात समद्यायचा आवाज पत्र्यावानी येते, मॅडमबाई. प्रतिभाचाबी पत्र्यावानी आलता. जंगलात चालते. लोकायचा जीव हाय, तिथं लावाच लागन." त्यांनी कुलूप उघडलं. "पन घरात सुमन बोलत राह्यते. तिचा आवाज अजून जसाच्या तसा हाय."

मग दार लोटून ते आत गेले.