जिन्याखालची खोली

"याच्याहून ल्हान न्हाई का?"

हिम्मतरावांनी हे विचारलं आणि अप्पारावांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. काचीगुडा स्टेशनाजवळ विश्रांतिगृह चालवून त्यांचे केस पांढरे झाले होते. याच्याहून स्वस्त नाही का, हवेशीर नाही का, ढेकूण नसलेली नाही का, हे सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि त्याची उत्तरंही त्यांना पाठ होती. लहान खोली मागणारा माणूस मात्र त्यांना आजवर भेटला नव्हता.

तसं पाहिलं तर त्या दिवसांत लहान खोल्यांना अप्पारावांकडे तोटा नव्हता. पोलीस ॲक्शन होऊन दिवाळी नुकतीच उलटली होती आणि अख्खा मराठवाडा कशासाठी ना कशासाठी हैदराबादेत येऊन पडत होता. कोणी हरवलेला भाऊ शोधायला, कोणी जळालेल्या घराचा अर्ज द्यायला, कोणी नुसतंच दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहायला. माणसं उतारूंसारखी दिसत नसत, पण भाडं देत. म्हणून अप्पारावांनी एका खोलीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन केल्या. पहिल्या काही फळ्यांच्या भिंती चाँदमियाँ सुतारानं नीट बसवल्या. मग तो मुलीच्या सासरची खबर काढायला बिदरकडे गेला, तो परतलाच नाही. चौकशी करायला अप्पारावांना भीती वाटे, म्हणून त्यांनी ती केली नाही. उरलेलं काम त्यांनी स्वतःच हातोडी घेऊन उरकलं होतं आणि ते बघितल्यावर कळतही होतं.

"याहून लहान?" ते म्हणाले. "अहो, ही पाच नंबर. हिच्यात पाय पसरले तर अंगठे शेजारच्याला लागतात. तुम्ही म्हातारी माणसं, तकलीफ कशाला काढता? वरची समोरची खोली आजच खाली झाली. ह्याच भाड्यात देतो. खुशीनं देतो."

ती खोली खरंच चांगली होती. दोन खिडक्या, दोन दारं, खाली रस्ता. हिम्मतरावांनी उंबऱ्यातूनच मान आत घातली, मग मागे वळून बायकोकडे पाहिलं. मालनबाई पदर ओठात धरून भिंतीला टेकून उभी होती. 

"खिडक्या दोन हायेत," हिम्मतराव म्हणाले.

"हौ. हवा येती."

"दारंबी दोन हायेत."

"एक बंद ठेवा."

"नगं. ल्हान दाखवा."

तीन नंबरला एक खिडकी निघाली, तीही नको. चार नंबरच्या दाराला काच होती, तीही नको. प्रत्येक उंबऱ्यावर हिम्मतराव बायकोकडे बघत आणि मान हलवत. अप्पारावांनी मनात ताडलं, की हा नुसता चिक्कू नाही, चिक्कूंचा मुकादम आहे. मोठी खोली लहानाच्या भाड्यात मिळते म्हटल्यावरसुद्धा याच्या पोटात दुखतं. उद्या आपण भाडं वाढवू अशी धास्ती बसली असणार.

शेवटी वैतागून त्यांनी जिन्याखालचं दार ढकललं. इथं पूर्वी सरपण असे. आत एक बाज बसवली होती, तीन बाजूंनी भिंतीला घट्ट. बाज आणि दार यांच्यामध्ये उरलेली जमीन म्हणजे दार आत उघडण्यापुरती पट्टी. दार आत उघडावं की बाहेर, हा प्रश्न अप्पारावांना चौकट ठोकून झाल्यावर सुचला होता. खिडकीचा तर प्रश्नच नव्हता. डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या.

"हीच बरी," मालनबाई म्हणाली. स्टेशनवरून आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली होती, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

नवरा तसा तर बायको सवाई, असं म्हणत अप्पारावांनी कपाळाला हात लावला.

नाव-गाव लिहून घेताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "शहरात काय काम?"

"लेकाला भेटायचं. नरहरला." हिम्मतराव ट्रंकेवर हात ठेवून उभे होते. "जेलात व्हता. सुटला, पर घरी आला न्हाई. नागपुराला नोकरी लागली म्हन्तात. आज सांजच्या गाडीनं चाललाय. लई मिनतवाऱ्या केल्या तवा घडीभर यायला कबूल झालाय. चारला यील."

"मग घरी का येईना?"

 गावातल्या दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं हिम्मतरावांनी सांगितलं. "रझाकारांच्या टायमाला त्यो चळवळीत पळाला. एका रातीला घरी आला. दार वाजिवलं. म्या उघडलं न्हाई. सकाळी शिवारात घावला पोलिसाला. पाय मोडला त्याचा जेलात. आता त्यो म्हन्तो, मला बाप न्हाई." त्यांनी ट्रंक उचलली. "आज न्हाई भेटला तर मंग भेटायचा न्हाई."

अप्पारावांनी टाक खाली ठेवला. पोटच्या पोराला दार उघडलं नाही, आणि नाव हिम्मतराव! नाव ठेवणाऱ्या आत्येला कोणीतरी हे कळवायला हवं होतं. चिक्कूपणा त्यांनी माफ केला असता, पण ही गोष्ट त्यांना माफ करवेना. मालनबाईबद्दल त्यांना वाईट वाटलं. असल्या माणसाबरोबर त्या बाईनं जन्म काढला होता.

चारच्या सुमाराला दारात टांगा थांबला. टांगेवाल्याला थांबायला सांगून एक तरुण लंगडत आत आला. हडकुळा, दाढी वाढलेली, बगलेत वळकटी.

"हिम्मतराव म्हणून कुणी उतरलेत?" त्यानं विचारलं. 'वडील' हा शब्द त्यानं टाळला, हे अप्पारावांच्या लक्षात आलं.

त्यांनी त्याला जिन्याखाली नेलं आणि दार वाजवलं. आत बाज करकरली.

"कोन?" हिम्मतरावांचा आवाज आला.

"मी आहे," नरहर म्हणाला.

आत काहीतरी धाडकन सरकलं. मग कडी निघाल्याचा आवाज आला. दार तसूभर हललं आणि थांबलं. पुन्हा हललं, पुन्हा थांबलं.

"उघडतो, उघडतो!" हिम्मतराव आतून ओरडले. "ट्रंक अडकलीया!"

"ट्रंक दाराशी कशाला ठेवली?" अप्पारावांनी विचारलं.

"मग ठिवायची कुठं?"

अप्पारावांनी तो विषय सोडला.

"बाजूला करा ना ती!"

"तिची कड बाजंखाली गेलीया. बाज वर बसली तिच्या."

"मग बाजेवरून खाली उतरा. बाज हलकी होईल."

"उतरू कुठं? खाली ट्रंकच हाय!"

"ट्रंकेवर उतरा!"

"मंग ट्रंक कशी निघंल?"

अप्पारावांनी डोळे मिटून खोली मनापुढे आणली. म्हातारा म्हणत होता ते खरं होतं. बाजेवरून उतरायला जमीन हवी, जमिनीवर ट्रंक, ट्रंकेवर बाज, बाजेवर ही दोघं. खोलीत एक वीतभर जागा जास्त असती तर हा घोळ झालाच नसता. ती वीत त्यांनी सहा नंबरला जोडून तिचं भाडं वाढवलं होतं.

गलबला ऐकून सहा नंबरमधले वकील प्रतापराव बाहेर आले. एका वतनाच्या खटल्यापायी ते तिथंच मुक्कामाला होते. "दार फोडू नका," त्यांनी बजावलं. "मालकाच्या संमतीशिवाय फोडलं तर नुकसानी पडेल. मालकानं फोडलं तर उतारूच्या ताब्यात हस्तक्षेप होईल."

"मग काय करावं?" अप्पारावांनी विचारलं.

"ते कायद्यात नाही," प्रतापराव म्हणाले.

अप्पारावांनी दाराला खांदा लावला. आतून हिम्मतराव धापा टाकत होते. ट्रंक जरा सरकल्यासारखी वाटे आणि पुन्हा धप्पकन दारावर येऊन बसे. दर वेळी तसंच. बाहेर टांगेवाल्यानं हाक दिली, "ओ साब, गाडी निकल जायेंगी, जल्दी करो!"

नरहर इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "मला सवय आहे या दाराची."

त्यानं वळकटी बगलेत मारली आणि वळला.

"नरहर!" आतून असा काही आवाज आला की जिन्यावरून उतरणारी माणसं थबकली. "जाऊ नको रं! त्या रातीलाबी म्या तुझा आवाज वळखला व्हता. वळखला व्हता! म्याच नीच हाय. तुझ्या मायला भेट, मला न्हाई भेटलास तरी चालंल. जाऊ नको!"

नरहर थांबला, पण तोंड फिरवलं नाही. पुढच्या पावलाला तो जाणार हे दिसत होतं.  म्हाताऱ्याचा त्यांना राग होता, पण दाराचा दोष म्हाताऱ्याचा नव्हता. ते दार त्यांनी स्वतः ठोकलं होतं.

"ठैरा!" ते नरहरला म्हणाले. "दोन मिनिटं ठैरा बाबा. माझ्या गळ्याची आण आहे."

ते तडक सहा नंबरात शिरले. प्रतापरावांची गादी त्यांनी पायानं लोटली आणि जिन्याखालच्या खोलीला लागून असलेल्या फळीत बोटं खुपसून हिसका दिला. फळी हातात आली. दुसरीही आली. तिसऱ्या फळीला तर हातसुद्धा लावावा लागला नाही.

"म्हणजे आजवर माझ्या उशाशी हे एवढंच होतं?" प्रतापरावांनी विचारलं. भिंत गेल्यावर आतलं सगळं उघडं पडलं होतं.

हिम्मतराव बाजेच्या कडेला पालथे पडून दोन्ही हातांनी ट्रंकेची कडी वर ओढत होते. चेहरा काळानिळा, बोटांतून रक्त. आणि मालनबाई भिंतीशी पाठ रेटून बसली होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले, पदराचा बोळा तोंडात. तिचे दोन्ही तळपाय ट्रंकेवर होते आणि अंगातलं सारं बळ काढून ती ट्रंक दाराकडे रेटत होती. म्हातारा ओढी, ती लोटी. आपण काय करतोय हे तिला माहीत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"कायद्याच्या दृष्टीनं—" प्रतापरावांनी सुरुवात केली, आणि पुढचं त्यांना सुचलं नाही.

नरहर त्यांच्या मागून येऊन उभा राहिला होता. त्यानं आधी बापाचे हात पाहिले, मग आईचे पाय पाहिले.

"आबा," तो हळूच म्हणाला, "त्या रात्री कडी कुणी धरली होती?"

"म्या. सांगितलं ना एकदा!" हिम्मतराव खेकसले. "तिला काई इचारू नको. तिला रातीची झोप न्हाई. दार दिसलं की आंग कापतं तिचं. खिडकी दिसली तरी कापतं. म्हनून ही खोली घेतली. तू मला बोल."

मालनबाईनं डोळे उघडले. पदर तोंडातून काढला, पण पाय काढले नाहीत.

"शेजारच्या घरी रझाकारांनी असाच वळखीचा आवाज काढला व्हता," ती म्हणाली. "त्यांनी दार उघडलं. मंग त्या घरात कोनी ऱ्हायलं न्हाई. तुझी भैन प्रमिला आत निजली व्हती. ह्ये उठले व्हते दार उघडाया. म्या ह्यांचा हात धरला. दाराला पाठ लावून बसले." ती थांबली. "तू तीनदा म्हनलास, मी हाय म्हनून. म्या उठले न्हाई."

 अप्पारावांना आपण मनातल्या मनात लावलेली एकेक विशेषणं आठवली आणि ती कुठं ठेवावीत हे कळेना. चिक्कू, भित्रा, नावाला काळिमा. गावानंही हेच म्हटलं असणार, आणि हा माणूस मुकाट्यानं ऐकत आला होता.

नरहर पाडलेल्या फळ्यांवरून आत शिरला. मोडका पाय लांब ठेवून बाजेच्या कडेवर बसला. आईचे दोन्ही पाय त्यानं हातांत घेतले.

"माय, पाय काढ," तो म्हणाला. "मीच आहे."

तिचे गुडघे कितीतरी वेळ सैल होईनात. मग एकदम झाले. ट्रंक आपोआप बाजेकडे कलंडली आणि अप्पारावांनी ठोकलेलं दार कुणीही हात न लावता उघडलं. बाहेर टांगेवाल्यानं पुन्हा हाक दिली. नरहरनं आतूनच त्याला जायला सांगितलं. नागपूर उद्याही तिथंच असणार होतं.

रडणं-भेटणं झाल्यावर अप्पारावांनी डोळे पुसले आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवला. "चला, वरची खोली उघडतो. भाड्याचं नाव काढू नका."

वर गेल्यावर हिम्मतरावांनी उंबऱ्यातून मान आत घातली आणि नेहमीप्रमाणे मागे वळून बायकोकडे पाहिलं. या बघण्याचा अर्थ या वेळी अप्पारावांना कळला.

मालनबाईनं दोन्ही खिडक्या पाहिल्या. दोन्ही दारं पाहिली. 

"दाराशी कोन निजनार?" तिनं विचारलं.

"मी," नरहर म्हणाला.

"दुसऱ्या दाराशी?"

"तिथं मी बाज टाकतो," अप्पाराव म्हणाले. "तसंही आजची रात प्रतापराव मला खाली झोपू द्यायचे नाहीत."

मालनबाईनं उंबऱ्यात एक पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. "चालंल," ती म्हणाली.

हिम्मतराव आत आले आणि रस्त्याकडच्या खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

"मंग मला हितं निजवा," ते म्हणाले. "लई दिस झाले, वारा लागला न्हाई."