दिलावरचाचा फ्रेमवर्क बघतात

दिलावरचाचा कुठलंही नवं फ्रेमवर्क घ्यायच्या आधी इचलकरंजीला फोन लावतात. तिथं त्यांच्या ओळखीचा एक प्रोग्रॅमर आहे. त्याला आधी घरचं बरं-वाईट विचारतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, "ते नवं आलंय न्हवं, वापरलंस का? नांदायला कसं हाय?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाचीसाठी स्थळ बघतायत.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. जिने, दारं, नळाच्या लाइनी कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या असतात. आपण त्यात आपल्या गिऱ्हाइकाचा संसार मांडायचा. असे सांगाडे ढिगानं आहेत, आणि एकाचे भक्त दुसऱ्याला नावं ठेवतात. कसबा बावड्यात खताच्या दुकानावर आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. तिथं कुठल्या कामाला कुठला सांगाडा, हे ठरवायचा मान चाचांचा. मालकांनी तो दिलेला नाही, चाचांनी घेतलेला आहे.

दिलावर शिकलगार, वय चौपन्न. वडील कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे. त्यामुळे असेल, पण चाचांच्या हातात काहीही द्या, आधी अंगठ्यानं कड तपासणार. फोनची, फाइलची, चहाच्या कपाचीसुद्धा. मालकही त्यांना चाचाच म्हणतात.

त्यांच्याकडे एक निळी वही आहे. रिअ‍ॅक्ट, जँगो, लाराव्हेल, प्रत्येकाला एक पान. वर नाव आणि खाली तेच ठरलेले प्रश्न. मागं माणसं किती? रुसलं तर समजूत काढणारं कोण? म्हातारपणी बघणार कोण? शेवटी शेरा. "दिसायला झ्याक, अंगात कणकण." "मुकाट हाय, चालंल." एका पानावर नुसतंच "नगं" लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

फ्रेमवर्कच्या साइटवर गेले की पहिल्या पानावरची तारीफ चाचा वाचतच नाहीत. थेट लोकांच्या तक्रारी उघडतात. "कौतुक घरचीच करत्यात गं. शेजारी काय म्हणत्यात ते बघू."

एकदा पेठ वडगावचे एक कापड व्यापारी आले. आल्या आल्या म्हणाले, "आमच्या मेव्हण्यानं सांगितलंय, सगळ्यात नवं असंल तेच वापरा."

"पावणं, मेव्हणं ऱ्हातात कुठं?"

"पुण्यात."

"आणि साइट बिघडली तर फोन कुणाला लावणार? मेव्हण्याला का मला?"

"तुम्हालाच की."

"मग नांदायचं मला हाय. पसंत मी करणार!"

व्यापाऱ्यांना यातलं किती कळलं देव जाणे. पण ते खळखळून हसले, दुसरा चहा प्याले आणि सगळं चाचांवर सोपवून गेले.

मी सायली. तीन वर्षांपूर्वी या ऑफिसात आले तेव्हा मला एकच फ्रेमवर्क येत होतं, अगदी नवंकोरं. आमच्यात आणखी कुणालाच ते येत नव्हतं, आणि याचा मला भयंकर अभिमान होता. साहजिकच चाचांशी माझं पहिल्याच कामावरून वाजलं.

काम शाहूवाडीकडच्या एका धर्मादाय दवाखान्याचं होतं. तिथं एके दिवशी डोळ्यांचे डॉक्टर येतात, एके दिवशी हाडांचे, आणि कधी कधी ऐनवेळी कुणीच येत नाही. वरच्या वाड्यांवरची माणसं डोंगर उतरून यायची आणि तशीच परत चढून जायची. आज कोण डॉक्टर आलेत हे फोनवर दिसावं, एवढीच दवाखान्याची मागणी होती. मी म्हटलं, माझ्या फ्रेमवर्कमध्ये करू. चाचा म्हणाले, जुन्यात.

"चाचा, तुमचं ते फ्रेमवर्क मी बालवाडीत असतानाचं आहे!"

"मग तुझ्यासारखंच तरणं हाय की!"

शेवटी मालक वैतागून म्हणाले, दोघंही करा. मी चार दिवस खपून डॉक्टरांचे सरकते फोटो केले, हिरव्या पानांची नक्षी केली. चाचांनी पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरात फक्त नाव आणि वेळ लिहिली. मला मनातून हसू येत होतं.

"हितं बघायचं न्हाय," चाचा म्हणाले. "जिथं नांदायचं तिथं बघायचं."

त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही शाहूवाडीच्या पुढं एका उंचावरच्या वाडीत गेलो. सुभद्राकाकू नावाच्या बाई दारात भात वाळवत बसल्या होत्या. गुडघ्यांनी बेजार, दवाखान्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्याच तडकलेल्या फोनवर, तिथल्या जेमतेम रेंजमध्ये, मी माझी साइट उघडली. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. काकूंनी तेवढ्यात भात खालीवर करून घेतला, कोंबडी हाकलली, तरी तो फिरतोच आहे. मग चाचांची लावली. लगेच उघडली.

मी मान खाली घातली. चाचांनी फोन काकूंपुढं धरला. "बघा मावशी, दिसलं का नाव?"

"दिसलं की. पर मला वाचाय कुठं येतंय?"

चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते तिथंच पायरीवर बसून पोट धरून हसले. "घे! दोघंबी नापास!"

हसू ओसरल्यावर ते मला म्हणाले, "ह्याला बोलतं करता ईल का गं? मला न्हाय जमायचं." मला जमत होतं. तिथंच लॅपटॉप उघडून त्यांच्याच साध्या पानावर मी एक मोठं बटण बसवलं. दाबलं की आवाज येणार. आधी माझा आवाज भरला. तो ऐकून काकू म्हणाल्या, "ही रेडिओवरली बाई काय म्हणतीया?" मग चाचांचा भरला. "हाडाचं डाक्तर आल्यात. या." आजही वाड्यांवर तोच वाजतो.

त्या दिवशी परतताना मलकापुराबाहेर चहाला थांबलो. मी सहज विचारलं, "चाचा, मागं माणसं किती, हेच तुम्ही सारखं का बघता?"

त्यांनी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "माझं पयलं फ्रेमवर्क मला एकट्यालाच यायचं. लई मान हुता. मग काढणाऱ्यांनीच ते बंद केलं. ऑफिसातली बाकीची पोरं दुसरीकडं गेली. जुन्या साइटी सांभाळाय मी मागं. सात वर्सं. अडलं तर विचारायला कोण न्हाय, आणि जमलं तर सांगायलाबी कोण न्हाय. एकदा इंटरनेटवर प्रश्न टाकला. तीन वर्सांनी ब्राझीलच्या एकाचं उत्तर आलं, मलाही हाच प्रॉब्लेम आहे." ते हसले. "तेवढ्यानंबी लई बरं वाटलं बघ."

मग गाडीला किक मारून म्हणाले, "चल, ऊन उतराय लागलं."

गेल्या महिन्यात एका मोठ्या शाळेचं काम आलं. कधी नव्हे ते चाचांनी निकाल दिला, सायलीच्या फ्रेमवर्कमध्ये करा. मी हवेत. काम एकटीनं उचलायचं ठरवून टाकलं.

परवा सकाळी मी ऑफिसला जरा लवकर पोचले. चाचा माझ्या आधी आलेले. कानाला हेडफोन, समोर माझ्याच फ्रेमवर्कचा नवशिक्यांसाठीचा व्हिडिओ, धडा तिसरा, आणि शेजारी त्यांनी बघून टाइप केलेल्या ओळी. मला बघून त्यांनी घाईनं पडदा झाकायला हात आडवा धरला. तीस वर्षं कोड लिहिणारा माणूस, आणि चेहरा असा की कॉपी करताना सापडलाय.

"चाचा, हे कशाला? काम माझं आहे ना?"

"म्हणूनच." ते स्क्रीनकडेच बघत राहिले. "ऑफिसात हे तुला एकटीलाच येतंय. बरं न्हवं ते. पर परवापासनं हितंच अडकलोय बघ. हेला काय झालंय काय की."

इतके दिवस मला कुणी विचारलं नव्हतं, एकटीला जमेल का म्हणून. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी लावली. "सातवी ओळ बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढं वाकले. एक स्वल्पविराम राहिला होता. त्यांनी तो एका बोटानं, जपून टाकला. पानावर मोठ्या अक्षरात आलं, नमस्कार.

"आलं की गं!" चाचा ओरडले.

"आलं!" मी म्हटलं. "आता चौथा धडा."